टेक्निकल राउंड फोनवर असतो तेव्हा

नोकरीच्या मुलाखतीत समोरासमोर बसलं की तुम्ही विचार करताय हे दिसतं. कपाळाला आठ्या पडतात, पेन कागदावर फिरतं. फोनवर यातलं काहीच पोहोचत नाही, पोहोचते ती फक्त शांतता. दहा सेकंद शांततेत गेली की पलीकडचा माणूस तिचा अर्थ आपला आपण लावतो: याला येत नाही, हा गूगल करतोय, नाहीतर लाइन गेली. उत्तर येत असूनही फोनवर गळणारी बरीच मुलं इथेच गळतात. म्हणून खाली अभ्यासाची यादी कमी आणि आपण काय करतोय हे आवाजातून कसं कळवायचं ते जास्त आहे.

उदाहरणं दोन ते पाच वर्षं अनुभव असलेल्या जावा आणि स्प्रिंग बूटवाल्या बॅकएंड डेव्हलपरची घेतली आहेत. टेस्टिंग, डॉटनेट किंवा डेव्हऑप्सवाल्यांनी प्रश्न आपापले घालावेत, पद्धत तीच राहील.

एचआरचा फोन

हा फोन बहुधा न सांगता येतो आणि हमखास हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये येतो. त्यात चार आकडे विचारले जातात: एकूण अनुभव, सध्याचा सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज), अपेक्षा, नोटिस पीरियड. फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती हे वेगवेगळं सांगता आलं पाहिजे. नोटिस ९० दिवसांची असेल तर ‘निगोशिएबल आहे’ म्हणण्याआधी आपल्या ऑफर लेटरमध्ये बायआउटची (पैसे भरून नोटिस कमी करायची) सोय आहे का ते वाचून ठेवा. ती सोय नसली तर तो शब्द पुढे अंगावर येतो. नोकरीच्या तारखा एका महिन्यानेही इकडेतिकडे करू नका. पीएफच्या यूएएन खात्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये ती पाहिली जाते.

कधी कधी एचआर म्हणते, “आमचे टेक्निकल पॅनेलिस्ट आत्ताच फ्री आहेत, कनेक्ट करू का?” तुम्ही रस्त्यावर असाल, ऑफिसच्या पॅन्ट्रीत असाल तर सरळ सांगा, “आत्ता बाहेर आहे, संध्याकाळी साडेसहाला चालेल का?” एवढ्यावरून कुणी नाव खोडत नाही. बाइक बाजूला लावून हेल्मेट हातात धरून दिलेला राउंड मात्र हमखास जातो.

वेळ ठरवताना आणखी काही गोष्टी विचारून घ्या: घेणाऱ्याचं नाव, किती मिनिटांचा राउंड, साधा फोन की टीम्स, कोड लिहायचा असेल तर लिंक येणार का, आणि नेमकी कुठली जेडी (जॉब डिस्क्रिप्शन, म्हणजे त्या जागेचं वर्णन). शेवटची गोष्ट विसरू नका. एकाच कन्सल्टन्सीकडे सारख्याच नावाच्या तीन-चार जागा असतात आणि तुम्ही मायक्रोसर्व्हिसेसची तयारी करून बसता तेव्हा समोरचा पीएल/एसक्यूएल विचारत असतो.

क्लायंट अमेरिकेतला असेल तर वेळ आयएसटीमध्ये (भारतीय वेळेत) लिहून मागा. तिथे घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे करतात. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे ६.३० आणि हिवाळ्यात ७.३०.

आणि रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा लॅपटॉप डिपॉझिटच्या नावाखाली कुणी पैसे मागितले की फोन ठेवा. पुढे ऐकायची गरज नाही.

खोली, फोन, नेटवर्क

वायरचा इअरफोन वापरा. ब्लूटूथवर गाणी छान वाजतात, पण माइक सुरू झाला की तो कमी दर्जाच्या कॉल मोडमध्ये जातो. शिवाय बॅटरी नेमकी मधेच संपते. स्पीकर फोन तर नकोच. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि समोरच्याला तुम्ही विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येता. माइक पंख्याच्या झोतात येऊ देऊ नका, तुम्हाला न जाणवणारी घरघर पलीकडे स्पष्ट जाते. कुकर कधी लागणार आहे ते घरात विचारून ठेवा.

नेटवर्कचं एक दुखणं बऱ्याच जणांना ऐनवेळी कळतं. ज्या मोबाइलवर कॉल चालू आहे त्याच्याच हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडलेला असतो. कॉल व्हीओएलटीईवर (४जी डेटावरून जाणारा) नसेल तर कॉल सुरू होताच डेटा थांबतो. दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर कॉल चालू असताना दुसऱ्या सिमचा डेटा बंद पडतो. मग कोडची लिंक उघडत नाही आणि पहिली पाच मिनिटं त्यातच जातात. लॅपटॉपला वायफाय किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाचा हॉटस्पॉट द्या आणि आदल्या दिवशी मित्राला कॉल लावून, तो चालू असताना ब्राउझर उघडून खात्री करा. पुण्यात राउंड गुरुवारी असेल तर दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा मेसेज महावितरणकडून आलाय का तेही पाहा. वीज गेली की राउटरही जातो.

कॉल वेटिंग सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. डिलिव्हरीवाल्याचा कॉल आला की कानात टुकटुक वाजतं आणि प्रश्नाचे चार शब्द त्यातच हरवतात. टेबलावर छापील रेझ्युमे, जेडी, कोरे कागद, दोन पेनं आणि पाणी असू द्या. बाकी काही नको.

रेझ्युमे प्रश्नकर्त्याच्या नजरेने वाचा

फोन राउंड घेणाऱ्याच्या समोर तुमचा रेझ्युमे उघडा असतो आणि निम्मे प्रश्न तो त्यातूनच काढतो. तेव्हा पेन घेऊन प्रत्येक ओळीवर स्वतःला दोन प्रश्न करा: हे मी नेमकं कुठे वापरलं, आणि हे नसतं तर काय केलं असतं? उत्तर नसेल तर ती ओळ काढा.

‘काफ्का’ (सिस्टिम्समध्ये मेसेज पोहोचवणारं सॉफ्टवेअर) हे नेहमी सापडणारं उदाहरण. टीममध्ये काफ्का होतं म्हणून स्किल्समध्ये लिहिलेलं असतं. मग प्रश्न येतो: टॉपिकला (मेसेजच्या एका प्रवाहाला) चार पार्टिशन (भाग) आहेत आणि एकाच ग्रुपमध्ये सहा कन्झ्युमर (मेसेज वाचणारे), तर काय होईल? एका ग्रुपमध्ये एक पार्टिशन एकाच कन्झ्युमरला मिळतं, म्हणून दोन रिकामे बसतील. उत्तर एका ओळीचं आहे, पण ज्याने वापरलंय त्यालाच ते पटकन येतं. आणि इथे अडखळलात की समोरचा बाकीच्या रेझ्युमेकडेही संशयाने बघायला लागतो.

आकड्यांचंही तसंच. ‘रोज १० लाख रिक्वेस्ट येतात’ असं लिहिलं असेल तर सेकंदाला किती, हा पुढचा प्रश्न ठरलेला आहे. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे सरासरी साधारण १२. पीकला त्याच्या काही पट धरायच्या. हा हिशोब आधीच करून ठेवावा, फोनवर तोंडी भागाकार करत बसू नये.

“टेल मी अबाउट युवरसेल्फ”

साठ ते नव्वद सेकंद. दोन मिनिटं म्हणजे लांबण. गाव, कॉलेज, छंद काही नको. अनुभव किती, सध्याचं प्रॉडक्ट काय करतं ते एका वाक्यात, त्यात तुमचा भाग कोणता, आणि एखादं अवघड काम जे तुम्ही स्वतः सोडवलं. हे चौथं जे सांगाल, पुढचा प्रश्न त्यावरच येतो. म्हणून ज्यात तुमचा हात बसलाय असंच काम तिथे ठेवा. पूर्ण मजकूर लिहून वाचू नका, वाचणाऱ्याचा आवाज सपाट होतो आणि फोनवर ते लगेच कळतं. चार शब्द लिहा, त्यावरून बोला.

इथे एक मराठी सवय आड येते. केलं एकट्याने तरी आपण म्हणतो “आम्ही केलं”. ‘मी मी’ करणं आपल्याला बरं वाटत नाही. इंग्रजीत त्याचं ‘वी’ होतं, आणि पंचेचाळीस मिनिटं ‘वी’ ऐकल्यावर फीडबॅकमध्ये लिहिलं जातं की वैयक्तिक सहभाग स्पष्ट नाही. निर्णय टीमचा असेल तिथे ‘वी’, कोड तुमचा असेल तिथे ‘आय’.

उत्तराची बांधणी

आधी उत्तर, मग कारण, मग एखादं उदाहरण, आणि थांबा. परीक्षेत व्याख्येपासून सुरुवात करतात, फोनवर तसं केलं की मुद्दा येईपर्यंत ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं.

हॅशमॅपचा (जावात कीवरून व्हॅल्यू शोधून देणाऱ्या साठ्याचा) प्रश्न घेऊ, कारण तो टळत नाही. वाईट उत्तर सुरू होतं: “हॅशमॅप मॅप इंटरफेस इम्प्लिमेंट करतो, की-व्हॅल्यू पेअर असतात, एक नल की चालते…” चांगलं उत्तर सुरू होतं: “आतमध्ये बकेट्सचा ॲरे असतो. कीच्या हॅशकोडवरून बकेट ठरते आणि बकेटमध्ये इक्वल्सने नेमकी की शोधली जाते.” पंधरा सेकंदांत गाभा झाला. मग तपशील: सुरुवातीची कपॅसिटी १६, लोड फॅक्टर ०.७५, म्हणजे १२ च्या पुढची नोंद आली की ॲरे दुप्पट. जावा ८ पासून एका बकेटमध्ये आठाच्या वर नोंदी साठल्या तर लिंक्ड लिस्टचं रेड-ब्लॅक ट्री होतं, पण टेबल किमान ६४ चं असेल तरच. नाहीतर नुसतं आकारमान वाढतं. ही ‘६४’ची अट सांगणारे कमी असतात, त्यामुळे ती ऐकली की समोरचा सावरून बसतो.

इथे थांबा. पुढचा धागा त्याला ओढू द्या. तो बहुधा असा येतो: इक्वल्स लिहिलं आणि हॅशकोड लिहिला नाही तर? समान असलेले दोन ऑब्जेक्ट वेगळ्या बकेटमध्ये जाऊ शकतात, मग टाकलेली गोष्ट ‘गेट’ केल्यावर सापडत नाही. आणि की म्हणून वापरलेल्या ऑब्जेक्टचं फील्ड नंतर बदललं तर? तोच परिणाम. या दोन्हींत ‘का’ सांगता आलं पाहिजे. पाठ केलेलं उत्तर पहिल्या ‘का’ला संपतं.

स्प्रिंगमध्ये असाच ‘का’वाला प्रश्न ट्रान्झॅक्शनलचा (मेथडमधले डेटाबेसचे बदल एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द करणाऱ्या खुणेचा). एकाच क्लासमधल्या एका मेथडने दुसऱ्या ट्रान्झॅक्शनल मेथडला बोलावलं की ट्रान्झॅक्शन सुरू होत नाही, कारण कॉल प्रॉक्सीतून (स्प्रिंगने मध्ये बसवलेल्या मध्यस्थ ऑब्जेक्टमधून) जातच नाही. आणि चेक्ड एक्सेप्शनवर (जे कोडमध्ये हाताळावं किंवा जाहीर करावंच लागतं) आपोआप रोलबॅक (बदल रद्द) होत नाही, रनटाइम एक्सेप्शनवर होतो.

एसक्यूएलमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा पगार. क्वेरी तोंडी सांगताना अक्षर न् अक्षर वाचू नका. आधी विचारा, “दोघांना सर्वाधिक पगार सारखाच असेल तर दुसरा कोणता धरायचा?” पगाराचं मूल्य वेगळं हवं असेल तर डेन्स रँक (सारख्यांना एकच क्रमांक देणारं फंक्शन) वापरून रँक २ घ्या. नुसतं उतरत्या क्रमाने लावून एक सोडून पुढचा घेतला तर पहिले दोघं सारखे असताना पहिलाच पगार पुन्हा येतो. ही चूक आपणहून बोलून दाखवा, पाठ केलेल्या आणि समजलेल्या उत्तरातला फरक इथे ऐकू येतो.

कोड फोनवर कसा सांगायचा

शेअर्ड एडिटर मिळाला तर बरंच, पण त्यात ऑटोकम्प्लीट नसतं. आधीचे दोन दिवस साध्या नोटपॅडवर कोड लिहून पाहा. लिस्ट सॉर्ट करायची मेथड कुठल्या क्लासमध्ये आहे हे आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) किती वर्षं आपल्याला सांगत होता ते तेव्हा कळतं.

एडिटर नसेल तर कंस आणि सेमीकोलन बोलून दाखवायचे नाहीत. क्रम असा: प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगा, दोन शंका विचारा, साधा उपाय आणि त्याची किंमत सांगा, मग चांगला उपाय, मग एका उदाहरणावर चालवून दाखवा.

समजा प्रश्न आहे: ॲरेमधल्या कुठल्या दोन संख्यांची बेरीज ११ होते? ॲरे ४, ९, २, ७. पहिली शंका: एक जोडी हवी की सगळ्या? इथे दोन आहेत, ९-२ आणि ४-७, म्हणजे शंका फुकटची नाही. दुसरी: तीच संख्या दोनदा वापरायची का? मग सांगा, दोन लूप लावले तर एन स्क्वेअर (संख्या एन असल्या तर एनच्या वर्गाइतकी कामं). त्याऐवजी बघून झालेल्या संख्या सेटमध्ये ठेवल्या तर एकाच फेरीत होतं, मेमरी मात्र एनइतकी जाते. आता चालवा: ४ आला, ७ हवा, सेट रिकामा, ४ ठेवला. ९ आला, २ हवा, नाही, ९ ठेवला. २ आला, ९ हवा, सापडला. आणि कळीचा मुद्दा: आधी शोधायचं, मग ठेवायचं. उलट केलं तर एकच ५ आणि बेरीज १० असताना ५ स्वतःशीच जोडी जमवतो.

हे सगळं कागदावर लिहीत लिहीत बोला. लिहिण्यासाठी थांबावं लागलं तर तसं सांगा: “आय ॲम रायटिंग डाउन अ स्मॉल एक्झाम्पल, गिव्ह मी ट्वेंटी सेकंद्स.” सांगून घेतलेले वीस सेकंद कुणाला खुपत नाहीत, न सांगता घेतलेले दहा खुपतात.

“प्रॉडक्शनला एपीआय स्लो झालाय, काय कराल?”

तीन वर्षांपुढच्या अनुभवाला हा प्रश्न ठेवलेलाच. त्यावर “लॉग्ज बघेन” एवढंच उत्तर मिळतं आणि राउंड तिथेच थंड पडतो. इथे समोरच्याला तुमच्या विचारांची दिशा ऐकायची असते. आधी प्रश्न विचारा: कधीपासून? त्याआधी डिप्लॉयमेंट झालं होतं का? एकच एपीआय की सगळे? मग मोठ्याकडून लहानाकडे या: सीपीयू, मेमरी, जीसी (जावाची मेमरी साफ करणारी यंत्रणा), मग थ्रेड डम्प (कुठला थ्रेड कुठे अडलाय याची नोंद), मग डेटाबेस.

उदाहरण म्हणून कनेक्शन पूल (डेटाबेसकडे जाणाऱ्या तयार कनेक्शनचा साठा) घ्या. स्प्रिंग बूटमध्ये हिकारी पूलची कमाल मर्यादा काही न बदलल्यास १० कनेक्शनची असते आणि कनेक्शन मिळायची वाट ३० सेकंद बघितली जाते. टॉमकॅटचे (रिक्वेस्ट घेणाऱ्या सर्व्हरचे) थ्रेड मात्र २०० पर्यंत जातात. एखादी क्वेरी दोन सेकंद कनेक्शन धरून बसली की सेकंदाला पाचच रिक्वेस्ट निघतात, बाकीचे थ्रेड रांगेत आणि ३० सेकंदांनी एरर. सीपीयू निवांत, अॅप बंद पडल्यासारखं. म्हणून पूल वाढवण्याआधी त्या क्वेरीचा एक्स्प्लेन प्लॅन (डेटाबेस ती कशी चालवतो ते) बघायचा, इंडेक्स वापरला जातोय का ते पाहायचं. पूल ५० चा केला तर तीच संथ क्वेरी डेटाबेसवर दहाऐवजी पन्नास कनेक्शनवरून एकाच वेळी आदळते. हे एवढं क्रमाने सांगितलंत तर दहा मिनिटं तुमच्या मैदानावर जातात.

येत नाही तेव्हा

“माहीत नाही” म्हणायला हरकत नाही, त्यावर गप्प बसायला आहे. “हे मी वापरलेलं नाही. नावावरून आणि आपल्या अनुभवावरून असं असावं असं वाटतं, बरोबर आहे का?” एवढं पुरतं. पण अंदाज अंदाज म्हणूनच सांगा. ठाम आवाजात ठोकून दिलेलं चुकीचं उत्तर फोनवर आणखी वाईट ठरतं, कारण समोरच्याकडे तुमचा दुसरा कुठलाच पुरावा नसतो. एका राउंडमध्ये दोन-तीन वेळा “माहीत नाही” चालतं. रेझ्युमेत ठळक लिहिलेल्या गोष्टीवर एकदाही चालत नाही.

प्रश्न नीट ऐकू आला नाही तर “सॉरी?” एवढंच म्हणू नका, समोरचा तेच वाक्य तसंच परत म्हणतो. ऐकलेलं सांगा आणि हरवलेलं मागा: “तुम्ही इंडेक्सबद्दल विचारलंत, त्यापुढचा शब्द तुटला.”

आवाज आणि इंग्रजी

उच्चार बदलायच्या भानगडीत पडू नका. वेग कमी करा, तेवढ्याने काम होतं. घाई झाली की आपण शेवटचे व्यंजन गिळतो, म्हणून फोनवर ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ एकच ऐकू येतात. ‘कॅनॉट’ म्हणा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’त घोळ होतो, तेव्हा “वन फाइव्ह” असं फोडून सांगा. परदेशी क्लायंटला लाख-कोटी कळत नाहीत. १० लाख म्हणजे वन मिलियन. ‘आय ॲम हॅविंग थ्री इयर्स एक्स्पीरियन्स’ ऐवजी ‘आय हॅव’. व्याकरणाच्या बाकी चुकांकडे टेक्निकल पॅनेल फारसं बघत नाही.

दोघं एकदम बोललात तर तुम्ही थांबा. मध्ये “हं… हं…” करू नका, काही नेटवर्कवर तेवढ्यानेही समोरच्याचा आवाज कापला जातो.

शोधून वाचणं आणि दुसऱ्याने बोलणं

शेजारी एआय चॅट उघडून उत्तरं वाचणाऱ्यांचा एक ठरावीक ठेका असतो: प्रश्न परत म्हणायचा, सहा-सात सेकंद थांबायचं, मग एकदम गुळगुळीत तीन मुद्दे. पॅनेलवाले आता यावर बोलत नाहीत, फक्त पुढचा प्रश्न “तुमच्या प्रोजेक्टमध्ये हे कुठे अडलं होतं?” असा टाकतात. कीबोर्डचा आवाज तर सरळ जातो. म्हणून टिपणं पेनने घ्या. आपल्या जागी दुसऱ्याला बोलायला बसवणारेही आहेत. पुढच्या व्हिडिओ राउंडला पहिल्या राउंडमधलेच दोन प्रश्न परत विचारून ते पकडले जातात, आणि मग त्या कंपनीचं दार कायमचं बंद होतं.

कॉल तुटला तर, आणि संपल्यावर

कॉल तुटला तर दोन मिनिटं फोन मोकळा ठेवा. दोघांनी एकमेकांना लावला की दोघांनाही बिझी लागतो. नाही आला तर एचआरला मेसेज टाका. परत जोडल्यावर “आपण ट्रान्झॅक्शनवर होतो” असं म्हणून स्वतः सुरुवात करा.

“तुम्हाला काही विचारायचंय?” याला पगार आणि वर्क फ्रॉम होम नको, ते एचआरकडे. टीममध्ये किती जण आहेत, रिलीज किती दिवसांनी होतात, प्रॉडक्शन सपोर्ट कोण करतं हे विचारा. तिसऱ्याचं उत्तर नीट ऐका. “सगळेच थोडं थोडं करतात” याचा अर्थ रात्रीचे फोन तुम्हालाही येणार.

फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत सगळे प्रश्न लिहून काढा, जे अडले त्यांच्यापुढे खूण करा आणि त्याच संध्याकाळी त्यांची उत्तरं शोधा. फीडबॅकमध्ये ‘इंडेक्सिंग कच्चं’ असं लिहून गेलेलं असेल तर दुसऱ्या राउंडचा माणूस बऱ्याचदा तिथूनच सुरुवात करतो.